वरची जमीन, खालची जमीन

२६ ऑगस्ट २०२२. दिवस शुक्रवारचा. त्या संध्याकाळी घुग्घुसच्या आमराई वॉर्डातले एक घर जमिनीत गेले. घर पडणे वेगळे. हे घर पडले नाही, उभेच्या उभे खाली गेले, साठ-सत्तर फूट, असे दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत होते. घरातली माणसे धोका ओळखून वेळीच बाहेर पडली म्हणून जीव वाचले. नंतर आसपासची दीडशेहून अधिक कुटुंबे तिथून हलवावी लागली. वस्तीखाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. ती बंद होऊन इतकी वर्षे झाली होती की नव्या पिढीला ती आठवतही नव्हती. पण जमिनीला आठवत होती.

घुग्घुस चंद्रपूर जिल्ह्यात येते. मध्ये वर्धा नदी आहे. ती ओलांडली की आमचा यवतमाळ जिल्हा, वणी तालुका. नदीच्या दोन्ही काठांखाली कोळसा एकच आहे. त्या बातमीनंतर कित्येक दिवस वणीतल्या चहाच्या टपऱ्यांवर लोक पायाखाली बघून बोलत होते. आम्हाला मात्र त्या घरापेक्षा एक जुना प्रश्न आठवत राहिला. तो वीसेक वर्षांपूर्वी आमच्याच गावच्या सभेत एका चाचांनी विचारला होता.

गावाचे नाव सांगत नाही. अशी गावे वणी तालुक्यात एक नाही, अनेक आहेत. खाण येणार म्हणून कागद आला होता. त्यात गट नंबरांची यादी होती, आणि यादीत आमच्या कब्रस्तानाला लागून असलेली ई-क्लास जमीनही होती. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर ई-क्लास म्हणजे गायरान, गावाच्या गुराढोरांची जमीन.) साहेब समजावून सांगत होते की जमिनीचा वरचा भाग तुमचा असला तरी खालचे खनिज सरकारचे असते. चाचा उठले आणि म्हणाले, "साहेब, वरची आमची अन् खालची सरकारची म्हंता, तं मंग कबर वरती येते का खालती?"

सभा हसली. साहेबही हसले. उत्तर कोणीच दिले नाही. आम्हीही तेव्हा हसलो होतो, हे कबूल केले पाहिजे. वय कमी होते, आणि हा प्रश्न विनोदाचा नसून मालकी या कल्पनेच्या मुळाशी जाणारा आहे, हे कळायला बराच काळ जावा लागला.

कायदा या प्रश्नाकडे कसा बघतो ते आधी पाहू. आमच्या मुलखाचा इतिहासच या बाबतीत गुंतागुंतीचा आहे. वऱ्हाड हा निजामाचा मुलूख. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, पण सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. १९०२ मध्ये तो वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने दिला गेला. म्हणजे आज ज्या जमिनीखालचा कोळसा निघतो ती जमीन एके काळी आख्खीच्या आख्खी भाड्याने दिलेली होती. भाडेकरूने कोळशाचा शोध लावला. १९०५ पर्यंत या जिल्ह्याचे नावही वणी जिल्हा असेच होते. त्या सगळ्या व्यवहारात जमीन कसणाऱ्याला कोणी काही विचारल्याची नोंद आमच्या वाचनात नाही.

स्वातंत्र्यानंतर मालक बदलला, प्रश्न तोच राहिला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ४८ सांगते की जमिनीच्या पृष्ठभागावर असो वा पोटात, कुठेही सापडणाऱ्या सर्व खनिजांचा हक्क राज्य शासनाकडे निहित आहे. शासनानेच दिलेल्या अनुदानात वेगळे म्हटले असेल तेवढाच अपवाद. केरळच्या मलबार भागातल्या जमीनमालकांच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र वेगळा सूर लावला. सामान्यपणे पोटातले खनिज जमिनीच्या मालकीबरोबरच जाते, रीतसर कायद्याने ते काढून घेतले असेल तर गोष्ट निराळी, असा त्या थ्रेसियाम्मा जेकब निकालाचा आशय. त्या निकालाने अनेकांना आशा वाटली. आमच्याकडे त्या आशेला फारशी जागा नव्हती, कारण काढून घेणे इथे कायद्यातच लिहिलेले आहे. त्यात कोळशाची तऱ्हा तर आणखी न्यारी. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. आणि त्याच्याही आधीपासून, १९५७ पासून, कोळसा असलेल्या जमिनी घेण्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. आधी शोधाची अधिसूचना, मग घेण्याच्या इराद्याची, मग तीस दिवसांत हरकती, मग घोषणा, आणि घोषणा झाली की जमीन सर्व बोज्यांतून मुक्त होऊन केंद्र सरकारची. हा कायदा जमीन घेऊ शकतो, किंवा जमिनीतले फक्त काही हक्कही घेऊ शकतो. म्हणून या अधिसूचनांत कुठे 'सर्व हक्क' असते, तर कुठे फक्त 'खनन हक्क'. हरकतीच्या कलमाखाली एक स्पष्टीकरणही जोडलेले आहे: मला स्वतःलाच इथे कोळसा काढायचा आहे, सरकारने काढू नये, ही हरकत म्हणून चालणार नाही. कायदा करणाऱ्यांना लोक काय म्हणतील याचा अंदाज होता तर.

चाचांच्या प्रश्नाला या सगळ्यात उत्तर सापडत नाही. कायद्याच्या मनात एक चित्र आहे: वर एक थर, खाली एक थर, मध्ये रेघ. भूमिगत खाणीत निदान हे चित्र डोळ्यांसमोर आणता तरी येते. वर शेत, खाली बोगदे, मध्ये दगडाचे छत आणि ते तोलून धरणारे कोळशाचेच खांब. म्हणूनच कोळसा खाणींच्या १९५७ च्या नियमावलीत वरच्यांसाठी काही राखून ठेवलेले होते. रेल्वे, सार्वजनिक रस्ता किंवा दुसऱ्याची इमारत यांच्यापासून पंचेचाळीस मीटरच्या आत, आणि नदी, कालवा, तलाव यांच्या खाली किंवा काठापासून पंधरा मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करता येत नसे. पाण्याचे भय काय असते ते २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाला येथे देशाने पाहिले. तिथे जुन्या कामांत साठलेले पाणी फुटून खाली उतरले आणि पावणेचारशे कामगार आत राहिले. पण वणीत आता पाहाल तर बहुतेक खाणी खुल्या आहेत. खुल्या खाणीत वरचा थर उरतच नाही. शेत, रस्ता, ओढा, झाड, कबर, सगळ्यांना मिळून खाणीच्या भाषेत एकच नाव आहे, ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशावरचे ओझे. ज्याला आपण जमीन म्हणतो त्याला ती भाषा ओझे म्हणते. हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला तेव्हा राग आला होता. आता राग येत नाही. ट्रकच्या पावतीवर तो रोज दिसतो.

आता आपल्या परंपरेकडे वळू. इथे ती आणायचे कारण भाविकता नव्हे. जमिनीच्या पोटाचा प्रश्न आपल्या फिकहने फार पूर्वी हाताळला आहे, आणि त्या चर्चेत आजच्या वकिलांनाही रस वाटावा असे बरेच आहे.

वीतभर जमीन जुलमाने घेणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे ओझे घातले जाईल, या अर्थाची हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. ती बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे. आम्ही ती शेजाऱ्याचा बांध कोरू नये यासाठी ऐकली. पण काही फकीहांनी तिच्यातून आणखी एक अर्थ काढला: ओझे जर सातव्या जमिनीपर्यंतचे असेल तर वरच्या जमिनीचा हक्कही खालपर्यंत जातो. जो वरचा मालक तो खालचाही. म्हणजे चाचांच्या बाजूचा निकाल. मात्र खनिजांबाबत सगळ्यांचे एकमत नाही. हनफी मतात स्वतःच्या जमिनीतले खनिज साधारणपणे जमीनमालकाचे मानले जाते. मालिकी मतात खाणींचा अधिकार इमामाकडे, म्हणजे समाजाच्या वतीने राज्यकर्त्याकडे जातो, कारण खाण एकाच्या हाती गेली की फसाद होतो. कलम ४८ लिहिणाऱ्यांनी मालिकी फिकह वाचले असण्याची शक्यता नाही. तरी ते त्याच ठिकाणी पोचले.

दुसरी गोष्ट मिठाची. अब्यद बिन हम्माल नावाचे सहाबी यमनहून आले आणि त्यांनी मारिबची मिठाची खाण मागितली. पैगंबरांनी ती दिली. ते निघाल्यावर उपस्थितांपैकी कोणीतरी लक्षात आणून दिले की आपण यांना काय दिलेत? हे तर न आटणारे पाणी दिल्यासारखे झाले. तेव्हा ती देणगी परत घेण्यात आली. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत ही हकीकत आहे. ती वाचताना आम्हाला नेहमी २०१४ आठवते. त्या वर्षी २५ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून झालेले कोळसा ब्लॉकांचे वाटप मनमानी ठरवले आणि २४ सप्टेंबरला २१८ पैकी २१४ ब्लॉक रद्द केले. त्यांत आमच्या झरी-जामणी तालुक्यातले मार्की-मांगलीचे ब्लॉकही होते. दिलेले परत घेता येते. दिले ते चुकून दिले असे म्हणण्यात राज्यकर्त्याची बेइज्जती नाही. ही गोष्ट चौदाशे वर्षांपूर्वी घडून गेलेली असताना आपल्याकडे ती करून घ्यायला न्यायालयात जनहित याचिका घेऊन जावे लागले.

पण इथेच थांबलो तर आम्ही लबाडी केली असे होईल. कारण फकीहांनी मिठाच्या त्या हकीकतीला मर्यादाही घातली आहे. उघड्यावर असलेले, हात घातला की मिळणारे खनिज, जसे मीठ, ते कोणाला एकट्याला देता येत नाही. पण जे खोल दडलेले आहे, मेहनत आणि भांडवल ओतल्याशिवाय निघत नाही, त्याचा नियम वेगळा, असे अनेकांनी म्हटले आहे. कोळसा उघडच या दुसऱ्या वर्गात पडतो. तेव्हा मारिबच्या मिठावरून वणीच्या कोळशाचा निकाल सरळ लागत नाही. तो खाली दडलेला आहे, काढायला कोट्यवधी रुपये लागतात, आणि काढला नाही तर महाराष्ट्रातल्या वीजकेंद्रांचे बॉयलर थंड पडतील. हा लेख आम्ही विजेच्या दिव्याखालीच लिहीत आहोत. आमच्या घरातले एक भाऊ वीस वर्षे कोळशाचा ट्रक चालवत होते. त्या पगारावर बहिणींची लग्ने झाली. वणीतल्या आपल्या जमातीत गॅरेज, ट्रक, डेपो यांच्याशी संबंध नाही असे घर शोधावे लागेल. कोळशाला शिव्या देणे आम्हाला शोभत नाही.

मग प्रश्न नेमका कुठे आहे? आमच्या मते तो 'खालचे कोणाचे' इथे नाहीच. खालचे सरकारचे म्हणा, हरकत नाही. प्रश्न असा की खालचे काढताना वरच्याचे काय देणे लागते? आणि वरचे जर एकाचे नसून सगळ्यांचे असेल, गायरान असेल, तलाव असेल, तर ते देणे कोणी घ्यायचे आणि कोणी माफ करायचे?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया राज्यात हा वाद शंभर वर्षे चालू आहे, म्हणून तिकडची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो. तिथल्या कायद्यात एका जमिनीच्या तीन मालमत्ता होतात: वरची जमीन, खालचे खनिज आणि तिसरा, आधाराचा हक्क. खालच्याने वरच्याला तोलून धरायचे, हा हक्क तिथे वेगळा विकता येतो. कोळसा कंपन्यांनी एकोणिसाव्या शतकात जमिनी विकताना कोळसाही राखला आणि आधार न देण्याचा हक्कही राखला. घरे खचू लागली तेव्हा राज्याने १९२१ मध्ये त्याला बंदी करणारा कायदा केला. १९२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. मोबदला न देता मालमत्ता काढून घेतल्यासारखे होते, असे न्यायमूर्ती होम्स यांचे म्हणणे. १९८७ मध्ये तशाच दुसऱ्या कायद्याबाबत तेच न्यायालय पाच विरुद्ध चार मतांनी उलट बाजूला गेले. आधार हा स्वतंत्र हक्क आहे ही कल्पना मात्र आम्हाला फार आवडली. आमच्या भाषेत तिला काय म्हणावे? वरच्याचा खालच्यावर असलेला हक. शेजाऱ्याचा हक असतो तसा. फरक एवढाच की हा शेजारी पायाखाली राहतो.

याच राज्याच्या ग्रीन परगण्यात रायरसन स्टेशन नावाचे सरकारी उद्यान आहे. १९६० मध्ये तिथे धरण बांधून एक तलाव केला होता. आसपासच्या खाणकामगारांच्या कुटुंबांना मासे धरायला, पोहायला तेवढीच एक जागा. सगळी जमीन सार्वजनिक. जवळच जमिनीखाली लाँगवॉल पद्धतीची मोठी खाण चालत होती. या पद्धतीत कोळशाचा आख्खा थर एका टोकापासून काढत जातात आणि मागचे छत मुद्दाम कोसळू देतात. खांब ठेवायचा प्रश्नच नाही. २००५ च्या जुलैमध्ये धरणाच्या भिंतीला तडे दिसले. भीतीपोटी तलाव रिकामा करण्यात आला. राज्याने कंपनीवर दावा लावला. खाणकामामुळेच धरण हलले, असा सरकारी तपासाचा निष्कर्ष निघाला; कंपनीने तो नाकारला. वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर २०१३ मध्ये तडजोड झाली. कंपनीने राज्याला तीन कोटी साठ लाख डॉलर द्यायचे ठरले. आणि त्याच तडजोडीत उद्यानाखालच्या कोळशाचे व वायूचे काही हक्क कंपनीला मिळाले.

हे वाक्य आम्ही पहिल्यांदा वाचले तेव्हा नीट कळले नाही. पुन्हा वाचले. ज्याच्यामुळे छत फुटले असे म्हणत होते त्याच्याकडून छताचे पैसे घेतले, आणि त्याला तळघराची किल्ली दिली. २०१५ मध्ये राज्याने जाहीर केले की जमीन अजून सरकतच असल्यामुळे धरण पुन्हा बांधता येणार नाही. तलाव परत आला नाही. पुढे उद्यानातल्या ओढ्यांखालून खाण नेण्याच्या परवानग्यांवर पुन्हा वाद झाला, आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पर्यावरण न्यायमंडळाने पोलन रन नावाच्या ओढ्याखालची एक परवानगी बेकायदा ठरवली. तलाव मात्र गेलेलाच होता.

त्या अधिकाऱ्यांना वाईट ठरवणे सोपे आहे. पण त्यांच्या जागी बसून पाहा. समोर बलाढ्य कंपनी, हातात न संपणारा दावा, पुराव्यावर तज्ज्ञांचे दोन तट. हरलो तर पैसाही नाही, तलावही नाही. तडजोडीत निदान उद्यानासाठी रक्कम मिळते. शहाणा माणूस सही करेल. आम्ही हे इतक्या खात्रीने म्हणतो याला कारण आहे.

आम्ही अशीच सही केली आहे.

चाचांच्या त्या प्रश्नानंतर काही महिन्यांनी खाणीच्या बाजूने निरोप आला. कब्रस्तानाला हात लावणार नाही, उलट चारी बाजूंनी पक्की भिंत बांधून देऊ, जनाज्याच्या नमाजसाठी टिनाचे शेड घालू, बोअर मारून देऊ. शेजारच्या ई-क्लासवर मात्र माती टाकायची आहे, त्याला गावातून ना हरकत हवी. जमातीची बैठक बसली. कबरी वाचत होत्या. आपल्या वाडवडिलांच्या हाडांवरून डंपर फिरणार नव्हते. आणखी काय हवे होते? गावात लिहिता-वाचता येणारे म्हणून अर्ज आमच्याकडून लिहून घेतला. आम्ही तो सुवाच्य अक्षरात लिहिला, 'सार्वजनिक हित' हा शब्द दोनदा वापरला, खाली सह्या घेतल्या. ग्रामसभेत आपली माणसे मोठ्या संख्येने गेली. ठराव झाला. त्या कागदाला कायद्यात फारसे वजन नव्हते, त्याच्याशिवायही माती पडलीच असती, हे आम्हाला पुढे कळले. बरीच वर्षे आम्ही त्या माहितीचा आधार घेऊन झोपलो.

पण ई-क्लास आमची नव्हती. म्हणजे आमचीही होती, एकट्यांची नव्हती. त्यावर धनगरांच्या मेंढ्या चरत, पोडावरच्या कोलामांच्या शेळ्या चरत, बौद्धवाड्यातल्या बाया सरपण नेत. त्या ग्रामसभेत त्यांच्यातले फारसे कोणी नव्हते. सोयाबीनच्या निंदणाचे दिवस होते. आमच्या कब्रस्तानाची भिंत त्यांच्या चराऊ जमिनीच्या किमतीत बांधली गेली, आणि किंमत ठरवताना ते खोलीत नव्हते. पेनसिल्व्हानियाच्या तडजोडीतही तलावावर मासे धरणारे खोलीत नव्हते.

पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींत सगळे भागीदार आहेत, या अर्थाची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. आमच्या सहीने एका भागीदाराने बाकीच्यांना न विचारता दुकान विकले. बदल्यात मिळालेली भिंत खोटी नव्हती, चांगल्या विटांची आहे. म्हणूनच ही गोष्ट बोचते. लाच घेतली असती तर तौबा करून मोकळे झालो असतो. आम्ही कबरी वाचवल्या होत्या.

अमानत आणि मालकी यातला फरक आपल्याला वक्फमुळे तरी कळायला हवा. वक्फची जमीन मुतवल्लीच्या ताब्यात असते, त्याची नसते. अगदी नाइलाज झाला आणि ती बदलावी लागली तर येणाऱ्या पैशातून तशीच दुसरी मालमत्ता उभी करावी लागते. तो पैसा उत्पन्न म्हणून खाता येत नाही. पेनसिल्व्हानियाच्या राज्यघटनेत १९७१ पासून असेच कलम आहे: सार्वजनिक नैसर्गिक संपत्ती सर्व लोकांची, अजून जन्माला न आलेल्यांचीही, आणि राज्य तिचे विश्वस्त. २०१७ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी जंगलाखालच्या वायूची रॉयल्टी ही विश्वस्त निधीचाच भाग आहे, ती सरकारी खर्चात वाटेल तशी वळवता येणार नाही. आपल्याकडेही १९९६ च्या कमलनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य हे नैसर्गिक संपत्तीचे विश्वस्त असल्याचे तत्त्व मान्य केले. गोव्याच्या लोहखनिजाबाबत २०१४ मध्ये विक्रीच्या रकमेतून दहा टक्के पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकायला सांगितले. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. खाणपट्टेदारांनी रॉयल्टीच्या प्रमाणात रक्कम द्यायची, ती खाणबाधित भागावर खर्च व्हायची. यवतमाळ जिल्ह्यातही हा निधी येतो. जुलै २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने रॉयल्टी हा कर नाही, खनिजाच्या हक्काचा मोबदला आहे, असे ठरवले. हे सगळे चांगलेच आहे. पण मोबदला म्हटले की विकणारा आला, आणि विश्वस्ताने विकले तर त्याचा हिशोब वेगळा लागतो. चाऱ्याच्या बदल्यात सभागृह, ओढ्याच्या बदल्यात प्रवेशद्वार, ही 'तशीच दुसरी मालमत्ता' आहे का, हे निधीच्या बैठकीत कोणी विचारत असेल तर आम्हाला ऐकायला आवडेल.

एक मित्र, वकील आहेत, ते म्हणतात की तुम्ही फार ताणता. राज्य चालवायचे तर कोणाच्या तरी सहीने कोणाचे तरी जाणारच. बेंबळा धरणासाठी गावे उठली तेव्हा कालव्याखालचे शेतकरी रडले नव्हते. खरे आहे. धरण आणि खाण या दोन सख्ख्या बहिणी आहेत. चंद्रपूरच्या वीजकेंद्राला कोळसाही लागतो आणि इरईच्या धरणाचे पाणीही. आम्ही फक्त एवढेच म्हणतो की जाणाऱ्याला खोलीत बसवून मग सही व्हावी. तो नाही म्हणाला तर? मित्राचा प्रश्न. तर वेळ लागेल, खर्च वाढेल, कदाचित काही कोळसा खालीच राहील. २०१३ मध्ये नियमगिरीच्या डोंगराबाबत सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारायला लावले तेव्हा बारा गावांनी नाही म्हटले, आणि बॉक्साइट तिथेच राहिले. देश बुडाला नाही. मित्र म्हणाले, बॉक्साइटने दिवे लागत नाहीत. यावर आमच्याकडे तयार उत्तर नव्हते, आजही नाही.

चाचांचे मागच्या हिवाळ्यात निधन झाले. दफन त्याच कब्रस्तानात. भिंतीच्या पलीकडे मातीचा डोंगर आता इतका वाढला आहे की असरच्या सुमारास कबरींवर त्याची सावली पडते. कबर खोदणारा मुलगा म्हणाला, माती फार कोरडी लागते, आधी अशी नव्हती. चाचांना खाली उतरवताना त्यांचा प्रश्न अनेकांना आठवला असावा, पण कोणी बोलले नाही. वरती का खालती?

परतताना फाटकाशी एक म्हातारी चार शेळ्या घेऊन उभी होती. कोलाम पोडावरची, आम्ही तिला लहानपणापासून ओळखतो. गावात आता हिरवे गवत फक्त या भिंतीच्या आत उरले आहे, बोअरच्या पाण्यामुळे. शेळ्या थोडा वेळ आत सोडू का, असे तिने विचारले. काही जण म्हणाले, कबरींवर जनावरे चढतील, बेअदबी होईल. काही म्हणाले, कापून न्यायला काय हरकत आहे. मुतवल्लींनी सांगितले, येत्या जुम्म्याला जमातीत ठरवू. आम्ही म्हणालो, मग त्या दिवशी हिलाही बोलवा. मुतवल्ली आमच्याकडे बघत राहिले. म्हातारी शेळ्या हाकत डोंगराच्या कडेने निघून गेली.